'काका' म्हटल्याचे परिणाम

रम्याच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान मी पिळायचा, असं तिच्या वडिलांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात अडैचा मोठा घास होता. अडै म्हणजे डाळी वाटून केलेला जाड, खरपूस डोसा. त्यावर लोणी आणि गुळाचा खडा. असा घास पटकन गिळता येत नाही. त्यामुळे "कोणाच्या लग्नात?" हे विचारायला मला वेळ लागला, आणि तेवढ्यात तुकोजी मोहिते बरेच पुढे गेले.

"येत्या रविवारी चंद्रिका पान-सुपारी घेऊन येते. माझी बहीण. तिचा विश्वजित आणि आमची रम्या. पोरीला सख्खा भाऊ नाही. तिच्या ओंजळीत लाह्या कोण घालणार, नवऱ्याचा कान कोण पिळणार, सईबाईला हाच घोर. मी म्हटलों, उपेंद्र आहे कीं! थेट फलटणचा भाऊ. तंजावरच्या कोण्या पोरीला मिळालाय असा?"

"आणि जोरात पीळ," रम्याची आई सईबाई म्हणाल्या. "विश्वाचा कान जाड आहे."

मी रम्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाठ करून तव्यावरची अडै उलटत होती. वळली, आणखी एक अडै माझ्या ताटात टाकली, म्हणाली, "हे घे," आणि परत तव्याकडे गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. एक मात्र दिसलं: अडै एका बाजूनं करपली होती. रम्या कधी काही करपवत नाही.

मी कोण ते सांगतो. मी उपेंद्र जगताप. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, प्राण्यांच्या वर्तनावर प्रबंध लिहिला आणि मग पोटासाठी चेन्नईत, अंबत्तूरच्या एका कंपनीत आकडेवारीची नोकरी धरली. प्राण्यांचं वेड मात्र सुटलं नाही. सुटीच्या दिवशी सकाळी मी अडयार नदीच्या मुखाशी चिखलात पालथा पडून खेकडे बघतो. तिथं एका जातीचे नर असतात, त्यांची एक नांगी बारीक आणि दुसरी जवळजवळ अंगाएवढी. ओहोटी लागली की हे नर आपापल्या बिळाच्या तोंडाशी उभे राहतात आणि ती मोठी नांगी वरखाली हलवत राहतात. मादी त्यांच्यामधून चालत जाते, एखाद्यापाशी थांबते, त्याच्या बिळात डोकावते, आवडलं तर राहते, नाही तर पुढे.

रम्या मला तिथंच भेटली. तिच्या कारखान्यानं कामगारांना किनारा साफ करायला पाठवलं होतं. ती प्लास्टिक गोळा करत माझ्या पायापर्यंत आली आणि मी मेलो आहे की काय म्हणून तमिळमध्ये कोणाला तरी हाक मारू लागली. मी दचकून उठलो, खेकडे बिळात पळाले, आणि मी म्हणालो, "आयला, गेले!"

"अय्यो," ती म्हणाली, "तू मराठी बोलतोस?"

तिची मराठी तंजावरची. मोहित्यांचे पूर्वज तिथं केव्हातरी शिपाईगिरीला आले आणि राहिले. शब्द जुने, चाल तमिळ, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक छोटासा हेल. मला ती ऐकताना आपलीच भाषा दुसऱ्याच्या अंगणात वाढलेली बघितल्यासारखं वाटलं. मी तिला खेकडे दाखवले.

"हा खातो कसा?" तिनं विचारलं. "त्या मोठ्या हातानं तोंडापर्यंत पोचत नसेल."

"बारीक नांगीनं खातो. मादी दोन्ही नांग्यांनी खाते, त्याला एकीवरच भागवावं लागतं. मोठी फक्त दाखवायला आणि भांडायला."

"म्हणजे एका हातात मोबाइल धरून जेवणारा." मग ती थोडा वेळ उकिडवी बसून बघत राहिली. "आणि मादी तपासणी करते."

"हो. नांगी बघते, हलवण्याचा वेग बघते, बीळ बघते. काही जातींत नांगी तुटली तर नवी येते, पण ती हलकी असते. लांबून तशीच दिसते. भांडणात उपयोग नाही."

"बनावट माल," रम्या म्हणाली. "लांबून नाही कळायचा. हातात घेऊन बघावा लागतो."

ती अंबत्तूरच्याच एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करते. केसाएवढा फरक असला तरी तुकडा नापास. तिनं मला विचारलं, माणसांचंही असंच असतं का? मी म्हणालो की माणसांबद्दल गोष्टी पुष्कळ आहेत, पुरावे कमी. आमच्या ऑफिसात एक जण आहे, तो सगळं गुहेतल्या माणसावर ढकलतो. पुरुष बाइक जोरात का चालवतात? गुहेतला माणूस. बायकोचा वाढदिवस का विसरतात? गुहेतला माणूस. असं कुठलंही वागणं घेऊन त्यामागे उत्क्रांतीची गोष्ट जुळवता येते. ती खरी आहे की नुसती जुळवलेली, हे तपासायला कष्ट पडतात.

"सरि," ती म्हणाली. तमिळमध्ये 'बरं'. "म्हणजे तूही तपासणीतलाच."

त्या वाक्यानंतर माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं मला विल्लिवाक्कमला घरी जेवायला बोलावलं. तुकोजी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. अजूनही कोणी दार नीट न लावता गेलं तर त्यांना अपघात होईल असं वाटतं. त्यांनी दार उघडलं. मी वाकून नमस्कार केला. सईबाई हौसेनं म्हणाल्या, "यांना मामा म्हण. मला मामी."

आता, चेन्नईत वयानं मोठ्या माणसाला सगळे मामा म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. फलटणला आम्ही मामा म्हणतो एसटीच्या कंडक्टरला, नाहीतर चौकातल्या हवालदाराला. आणि 'मामा बनवला' म्हणजे काय ते सांगायला नको. समोर एवढा भारदस्त, पांढऱ्या मिशांचा माणूस. मी कानाच्या पाळीला हात लावत म्हणालो, "छे छे, मामा कसं म्हणू! मी काकाच म्हणणार. आणि तुम्ही काकू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं, हे मला आज आठवतं. तेव्हा वाटलं, माझ्या विनयानं भारावले असतील. मग सईबाई म्हणाल्या, "सरि, सरि. काका तर काका," आणि मला आत घेऊन गेल्या. घरात मला पूर्ण मोकळीक मिळाली. मी कधीही जावं, स्वयंपाकघरात पाट घेऊन बसावं, रम्याबरोबर बाजारात जावं, कोणी काही म्हणालं नाही. मला वाटलं, काय आधुनिक कुटुंब!

आणि मी माझी नांगी हलवू लागलो. हे मी पूर्ण जाणीवपूर्वक करत होतो, मला त्यातलं शास्त्र ठाऊक होतं. खर्चिक संकेतच खरा मानला जातो. फुकट मिळणारं कौतुक कोणीही करतो. म्हणून सुटीवरून येताना मी आठवणीनं मेतकूट, भाकरवडी, काळा मसाला आणत असे. गॅसचं सिलिंडर जिन्यानं वर नेत असे, तेही रम्या बघत असताना. तुकोजींचा टीव्ही मी नीट केला, सईबाईंना डॉक्टरकडे नेलं, वर्षभर चेन्नईच्या उन्हात पंप बिघडला की गच्चीवरच्या टाकीत वाकलो. याहून स्पष्ट संकेत प्राणिसृष्टीत सापडणार नाही, अशी माझी खात्री होती.

आणि त्याचं फळ म्हणून मला कान पिळायला मिळाला.

सईबाईंनी शनिवारी आणखी एक काम दिलं. पान-सुपारीसाठी स्टीलची नवी ताटं हवी होती आणि विश्वजितचं भांड्यांचं घाऊक दुकान होतं जॉर्ज टाउनमध्ये. "बाहेरून कशाला घ्यायची? घरचंच दुकान आहे. आणि भावानं जाऊन मुलाला बघायला हवं कीं."

मी गेलो. मला प्रतिस्पर्धी नर बघायचाच होता. बंदराकडून येणाऱ्या गल्लीत हातगाड्यांमधून वाट काढत, डोक्यावर पातेल्यांच्या उतरंडी घेतलेल्या माणसांना चुकवत दुकानात पोचलो. गल्ल्याच्या मागे एक गोरापान, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस बसला होता. कान खरोखरच जाड होते.

"तू उपेंद्र!" तो उठून म्हणाला. "मामाचा फलटणचा मुलगा. बस बस. दोन कॉफी सांगा रे! काय, कान बघायला आलास?"

मला तो आवडला. ही फार गैरसोयीची गोष्ट होती.

कॉफी आली. ताटं बांधून होईपर्यंत आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं, "उद्याची तयारी झाली? खूष असशील."

विश्वजितनं कॉफी वाटीत ओतली, पेल्यात ओतली, परत वाटीत ओतली. "भावाला सांगू नये," तो म्हणाला, "पण कोणाला तरी सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. मला रम्या आवडते. फार आवडते. पण आमच्या कुंभकोणमला बरी शाळा नाही म्हणून आईनं मला लहानपणीच मामाकडे ठेवलं. रम्या तेव्हा रांगत होती. शाळा संपेपर्यंत आम्ही एका घरात. मामी तिच्या उवा काढून झाल्या की माझ्या काढायची. तिनं माझ्या शर्टाला नाक पुसलंय. आता तिच्याशी लग्न म्हटलं की कसं होतं सांगू? आपणच आपल्याला गुदगुल्या केल्यासारखं. काही होतच नाही!"

"आणि तिला?"

"तिलाही तेच. आम्ही फोनवर बोललो आणि दोघं हसत सुटलो. पण नाही कोण म्हणणार? मी नाही म्हटलं तर मामा विचारेल, माझ्या पोरीत काय खोट? ती नाही म्हणाली तर माझी आई विचारेल, माझ्या विश्वात काय खोट? आमच्यात आत्याचा मुलगा म्हणजे मुरै, हक्काचा नवरा. हक्क नाकारायला कारण लागतं. आणि कारण असं हवं की त्यात कोणाचीच खोट नाही. असं कारण कोठें असतं?"

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. "असतं," मी म्हणालो. "कारण आहे."

मग मी त्याला सांगितलं. जवळच्या रक्ताच्या नात्यात संतती झाली तर ती दुबळी होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे भावाबहिणीला एकमेकांविषयी आकर्षण वाटू नये, हे उत्क्रांतीच्या फायद्याचं. पण हा आपला भाऊ आहे, हे मेंदूला कळणार कसं? रक्त काही बघता येत नाही. म्हणून मेंदू एक ढोबळ नियम लावतो: लहानपणी जो सतत बरोबर होता, तो आपला. नियम ढोबळ असल्यामुळे कधी चुकीच्या माणसालाही लागतो. एकत्र पाळणाघरात वाढलेल्या, एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या मुलांमध्येही पुढं लग्नं फार थोडी झाली, असं काही अभ्यासकांना दिसलं. या कल्पनेवर वाद आहेत, आणि एकट्या तुझ्यावरून ती सिद्ध होत नाही, हेही मी सांगितलं.

विश्वजितनं वाद वगैरे ऐकलंच नाही. त्यानं गल्ल्यावर थाप मारली. "म्हणजे माझी खोट नाही. तिची नाही. आईनं मला मामाकडे ठेवलं त्याची खोट! झुऑलॉजी!" आजूबाजूची सगळी पातेली वाजली. मग एकदम तो थांबला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघू लागला.

"एवढं कळतं तुला. मग तू मामाला काका का म्हणतोस?"

"म्हणजे?"

"अरे, मुलीच्या बापाला मामा म्हटलं की मुलगी कोण? मामाची मुलगी. मुरै. लग्नाला मोकळी. आणि काका म्हटलं की? काकाची मुलगी. बहीण! पहिल्याच दिवशी मामीनं तुला वाट काढून दिली, मामा म्हण म्हणाली. तू कान धरून म्हणालास, छे छे, मी काकाच म्हणणार. सगळ्या मोहिते घराण्यात गोष्ट गेली: महाराष्ट्रातून एक सज्जन मुलगा आलाय, दारातच सांगितलं त्यानं, मी भाऊ म्हणून आलोय. म्हणून तर तुला स्वयंपाकघरात बसवतात!"

मला वर्षभराची सगळी सिलिंडरं एकदम आठवली. मेतकूट आठवलं. टाकी आठवली. संकेत देणाऱ्यानं काय दिलं याला महत्त्व नसतं, घेणाऱ्याला काय मिळालं याला असतं. हे वाक्य माझ्या स्वतःच्या प्रबंधात आहे.

"फलटणला मामा म्हणजे कंडक्टर," मी क्षीण आवाजात म्हणालो.

विश्वजित इतका हसला की त्याला उचकी लागली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "मला हे रम्यानंच सांगितलं होतं. सांगताना तिचा आवाज असा होता की मला वाटलं, कोणी तरी तिचा चांगला तुकडा नापास केलाय. बरं, ती तुला काय म्हणते? हाक कशी मारते?"

मी विचार केला. रम्या रिक्षावाल्याला अण्णा म्हणते. इस्त्रीवाल्याला अण्णा, वॉचमनला अण्णा, दूधवाल्याला अण्णा. सईबाई मला दर जेवणाला म्हणतात, "रम्या, उपेंद्र अण्णाला वाढ." अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं, कारण या शहरात अण्णा म्हणजे कोणीही.

"काहीच नाही," मी म्हणालो. "मला ती काहीच म्हणत नाही. 'हे घे' म्हणते. 'ऐक' म्हणते. सुरुवातीला नाव घ्यायची. आता तेही नाही."

"साऱ्या चेन्नईला अण्णा," विश्वजित म्हणाला, "आणि ज्याला आईनं अण्णा करून ताटावर बसवलाय, त्यालाच नाही." त्यानं ताटांचं बांधलेलं ओझं माझ्याकडे सरकवलं. "घरी जा. उद्या मामाला मामा म्हण. बाकीचं झुऑलॉजी मी सांभाळतो."

रविवारी सकाळी मी ताटं घेऊन विल्लिवाक्कमला गेलो. चंद्रिका आत्या येऊन बसल्या होत्या. गडद जांभळी कांजीवरम, केसांत मोगरा, नजर पोलिसाची. शेजारी विश्वजित, मान खाली, ओठ घट्ट दाबलेले. त्याला हसू आवरत नव्हतं. रम्या दाराशी उभी होती. तुकोजी उठून म्हणाले, "ये! भाऊ आला. आता सुरू करूं."

मी ताटं खाली ठेवली. माणूस हा एकच प्राणी असेल ज्याला एवढ्याशा शब्दासाठी एवढी मोठी नांगी उचलावी लागते. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो,

"नमस्कार, मामा."

सईबाईंच्या हातातली पळी भांड्यात पडली. चंद्रिका आत्यांनी भुवया वर केल्या. तुकोजी माझ्याकडे बघतच राहिले.

"काय म्हणालास?"

"मामा. मामा म्हणायचं होतं. पहिल्या दिवसापासून. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मामा म्हणतात, म्हणून मला वाटलं, तुम्हाला ते..."

"कंडक्टर!" तुकोजी म्हणाले. "मी सिग्नल इन्स्पेक्टर होतों!"

"हो. म्हणूनच."

तुकोजी खुर्चीत बसले. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "वर्षभर तू लाल दिवा दाखवलास. आणि आता विचारतोस, गाडी कां थांबली?"

"हो, मामा."

"अण्णा, हे काय चाललंय?" चंद्रिका आत्यांनी भावाला विचारलं. "पान-सुपारी मी आणली, आणि हा मधून गाडी काढतो? माझ्या विश्वात काय खोट आहे?"

"खोट माझ्यात नाही आई, तुझ्यात आहे," विश्वजित म्हणाला. हे त्यानं बरंच सौम्यपणे सांगायचं ठरवलं होतं, असं तो मला नंतर म्हणाला. "तू मला इथं ठेवलंस. एकत्र वाढलेल्यांचं जमत नाही. झुऑलॉजी आहे. उपेंद्र, सांग."

सगळे माझ्याकडे वळले. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी उवांचा उल्लेख टाळून. चंद्रिका आत्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तपासणीला सुरुवात केली.

"मी माझ्या अत्तानशी लग्न केलं. आत्याच्या मुलाशी. तीस वर्षं संसार करते. आमचं कसं जमलं?"

"लहानपणी तुम्ही एका घरात होतात?"

"छे! ते कुंभकोणमला, आम्ही तंजावरला. पोंगलला यायचे. मी दाराच्या फटीतून बघायची." सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला, आणि तो त्यांच्याही लक्षात आला असावा, कारण त्यांनी लगेच पदर सारखा केला.

"म्हणूनच जमलं असेल," मी म्हणालो. "नात्याचा प्रश्न इथं दुसरा. पहिला प्रश्न उवांचा." शेवटी उल्लेख आलाच. "एकत्र वाढलेल्या माणसाला मेंदू घरातल्या खात्यात टाकतो. अर्थात, हे सगळ्यांना लागू होईलच असं नाही. पक्कं सांगायचं तर..."

"पक्कं सांगू नकोस," विश्वजित पुटपुटला.

चंद्रिका आत्या मुलाकडे वळल्या. "म्हणजे तुला कुंभकोणमला शिकवलं असतं तर झालं असतं?"

"कदाचित झालं असतं."

"मग इंग्रजी शाळेनं घात केला!" त्या म्हणाल्या. "कुंभकोणमला बरी शाळा नव्हती म्हणून तर इथं ठेवला." त्यांनी थोडा विचार केला. दोष शाळेवर गेल्यावर त्यांचा चेहरा बराच मोकळा झाला. "पण हे त्याचं मत झालं. पोरीला कोणी विचारलं का?"

या प्रश्नाबद्दल मी चंद्रिका आत्यांचा कायम ऋणी राहीन. कारण विचारलं नव्हतं. मीही नाही. मी वर्षभर नांगी हलवत होतो, पण दोन शब्द बोललो नव्हतो. खेकड्यांना ते जमत नाही. मला काय सबब होती?

मी रम्याकडे वळलो. "रम्या," मी म्हणालो, "तुला काय वाटतं? माझ्याबद्दल. तू नाही म्हणालीस तरी मी गच्चीवरची टाकी साफ करत राहीन. फक्त कान पिळायला येणार नाही."

रम्या दाराची चौकट सोडून पुढं आली. आधी तिनं विश्वजितकडे पाहिलं. "अत्तान, तू मला आवडतोस. पण तुझ्याशी लग्न केलं तर मला रोज हसू येईल, आणि तेही चुकीच्या वेळेला."

"हेच मी म्हणतो!" विश्वजित म्हणाला.

मग ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, कारखान्यात तुकडा नीट मापात बसला की पास. बसला नाही की नापास. पण कधी कधी तुकडा चांगला असतो, फक्त चिठ्ठी चुकीची लागलेली असते. तसला आम्ही टाकत नाही. बाजूला ठेवतो, कोणी तरी येऊन चिठ्ठी बदलेल म्हणून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी तर मी अडै करपवली."

"मी पाहिली," मी म्हणालो.

"खाल्लीस ना पण?"

"सगळी."

सईबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तुकोजी मात्र हसले नाहीत. सिग्नल खात्यातला माणूस हिरवा दिवा दिसला म्हणून लगेच गाडी सोडत नाही. "तुमचं देवक कोणतं?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. फलटणला फोन लावावा लागला. आई म्हणाली, "अरे, सकाळी सकाळी देवक कशाला हवं? कोणाचं लग्न आहे?" मी म्हणालो, बहुतेक माझं. पलीकडे इतकी आरडाओरड झाली की देवकाचं नाव तिला तीनदा सांगावं लागलं. तुकोजींनी ते ऐकलं, डोळे मिटून आपल्या घराण्याचं आठवलं, आणि मान हलवली. दोन्ही घरांचं देवक एक असतं तर आम्ही भाऊबंद ठरलो असतो आणि पुन्हा काकांवर आलो असतो. देवक जुळलं नाही, म्हणजे लग्न जुळलं.

ताटं होतीच. पान होतं, सुपारी होती. चंद्रिका आत्या म्हणाल्या, आणलेलं परत न्यायचं नाही, आणि त्यांनीच ती उलगडली. सगळे अडै खायला बसले, आणि घास तोंडात असतानाच तुकोजींचा चेहरा एकदम पडला.

"पण मग," ते म्हणाले, "कान कोण पिळणार? भाऊ गेला कीं!"

हा प्रश्न खरोखर अवघड होता. जो भाऊ म्हणून ठरला होता, तोच नवरा झाला होता. सईबाईंनी दूरच्या नात्यातल्या मुलांची नावं घेतली. एक दुबईत, एक वयानं फारच लहान. तेवढ्यात विश्वजित उठला, हात धुवून आला, आणि तुकोजींसमोर वाकून नमस्कार केला.

"नमस्कार, काका," तो म्हणाला.

"गाढवा!" तुकोजी ओरडले. "मी तुझ्या आईचा सख्खा भाऊ आहे!"

"ते रक्तानं. झुऑलॉजीनं मी याच घरातला मुलगा. उपेंद्र, सांग."

मी सांगायला तोंड उघडलं. पण एवढ्यात विश्वजितनं पाठीमागून येऊन माझा उजवा कान धरला आणि असा काही पिळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे! लग्नाला अजून वेळ आहे!"

"सराव," तो म्हणाला.

रम्यानं माझ्या ताटात अडै टाकली. या वेळी दोन्ही बाजूंनी सारखी भाजलेली होती.

"हे घे," ती मला म्हणाली. आणि विश्वजितकडे बघून, अगदी स्पष्ट उच्चारात: "अण्णा, अजून जरा जोरात."